नीटचा अभ्यासक्रम बदलला की आधी काय करायचं

अभ्यासक्रम बदलला म्हटलं की मुलं दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर सगळं पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात, नाहीतर "वगळलं ते वगळलं" म्हणून जुनी पुस्तकं माळ्यावर टाकतात. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात मार्क जातात. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नीट २०२४ साठी नवा अभ्यासक्रम जाहीर केला. तेव्हापासून वर्गात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न एकच आहे : "मॅडम, हे आहे का नाही?" त्याचं उत्तर तुम्हाला कुणाला न विचारता काढता यावं म्हणून हे लिहिते आहे.

यादी हातात घ्या, पुस्तक नंतर

नीटचा पेपर आयोगाच्या यादीवर निघतो, एनसीईआरटीच्या पुस्तकावर नाही. अनेक वर्षं ही यादी आणि ते पुस्तक जवळजवळ हातात हात घालून चालत होते, त्यामुळे "एनसीईआरटी पाठ, की नीट झाली" हे म्हणणं खपून गेलं. २०२२ मध्ये एनसीईआरटीने पुस्तकांतून बरेच धडे कमी केले आणि वर्षभराने आयोगानेही आपली यादी आवरली. पण दोघांनी कापलेलं तंतोतंत सारखं नाही. पुस्तकातून गेलेलं काही यादीत राहिलं आहे आणि यादीत आलेलं काही पुस्तकात कधी नव्हतंच. तुमचा सगळा अभ्यास या फटीकडे लक्ष देऊन व्हायला हवा.

म्हणून पहिलं काम हे करा. तुम्ही ज्या वर्षी परीक्षा देणार त्या वर्षीची यादी आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून कागदावर छापून घ्या. मोबाइलवर वाचू नका, कारण तिच्यावर लिहायचं आहे. २०२४ च्या यादीत फिजिक्सचे २०, केमिस्ट्रीचे २० आणि बायोलॉजीचे १० घटक आहेत, आणि २०२५ लाही तीच यादी होती. एकेक ओळ घ्या आणि समासात दोन पान क्रमांक लिहा : हा मुद्दा नव्या एनसीईआरटीत कुठल्या पानावर आहे आणि बालभारतीच्या पुस्तकात कुठल्या. नव्या एनसीईआरटीत सापडला नाही तर लाल पेनाने गोल करा.

क्लासवाल्यांनी अशी यादी तयार करून दिली असली तरी ही स्वतःच करा. मागच्या एका वर्षी माझ्याकडे आलेल्या मुलीच्या हातात क्लासचं जाडजूड छापील मॉड्यूल होतं. त्यात सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर, धातू काढण्याचा धडा, सगळं जसंच्या तसं होतं. तिने ऐन डिसेंबरात सॉलिड स्टेटची गणितं घोटली होती. पोरगी मेहनती होती, तिला फक्त कुणी यादी दाखवली नव्हती.

काय गेलं

हे भरभर सांगते, कारण यात डोकं लावण्यासारखं काही नाही. केमिस्ट्रीतून स्टेट्स ऑफ मॅटर, हायड्रोजन, एस-ब्लॉक, एन्व्हायर्नमेंटल केमिस्ट्री, सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, मेटलर्जी, पॉलिमर आणि केमिस्ट्री इन एव्हरीडे लाइफ गेले. बायोलॉजीतून ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन, डायजेशन, रिप्रॉडक्शन इन ऑर्गॅनिझम्स, स्ट्रॅटेजीज फॉर एन्हान्समेंट इन फूड प्रॉडक्शन आणि एन्व्हायर्नमेंटल इश्यूज गेले. फिजिक्समध्ये अख्खे धडे कमी आणि मधले मुद्दे जास्त गेले आहेत, जसा ट्रान्झिस्टर. तिथे यादीची ओळ न् ओळ वाचण्याला पर्याय नाही. लॉजिक गेट मात्र यादीत आहेत.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांनी इथे जरा थांबावं. नीटमधून गेलेलं बारावीतून गेलेलं नाही. सॉलिड स्टेट आणि पॉलिमर बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात आहेत, म्हणजे बोर्डाच्या पेपरला आहेत. बायोलॉजीत प्लांट वॉटर रिलेशन आणि एन्हान्समेंट ऑफ फूड प्रॉडक्शन तसेच. फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी देणार असाल तर तिथेही लागतील. तेव्हा हे धडे फेकायचे नाहीत, बोर्डापुरते वेगळ्या वहीत ठेवायचे. त्यांच्यावर नीटच्या दर्जाचे प्रश्न सोडवत बसायचं नाही, एवढंच.

इयत्तांचा घोळही लक्षात घ्या. रोटेशन, थर्मोडायनॅमिक्स, ह्यूमन सर्क्युलेशन, नर्व्हस सिस्टिम हे एनसीईआरटीत अकरावीला आहे, आपल्या बोर्डात बारावीला. "अकरावीचा पोर्शन" म्हणून एखादी टेस्ट लागली की आधी विचारा, कुणाची अकरावी?

पी-ब्लॉक : पुस्तकातून गेला, पेपरातून नाही

लाल गोल सगळ्यात मोठा इथे पडतो. नव्या एनसीईआरटीत अकरावीला पी-ब्लॉकचा धडा नाही आणि बारावीलाही नाही. यादीत मात्र ग्रुप १३ ते १८ स्पष्ट लिहिलेले आहेत. नुसतं नवं पुस्तक वाचणाऱ्याला हा अख्खा घटक दिसतच नाही.

आपल्या मुलांना यात एक फायदा आहे आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकात ग्रुप १३, १४, १५ आहेत आणि बारावीच्या पुस्तकात १६, १७, १८. म्हणजे जे दिल्लीच्या मुलाला जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्समधून शोधावं लागतं, ते तुमच्या दप्तरात आहे. ते काढा. पण सगळा धडा वाचू नका, आधी यादीतली ओळ पुन्हा वाचा. तिथे इलेक्ट्रॉनिक कॉन्फिगरेशन, आडव्या-उभ्या दिशेने गुणधर्मांचे ट्रेंड आणि प्रत्येक ग्रुपमधल्या पहिल्या मूलद्रव्याचं वेगळेपण, एवढंच म्हटलं आहे. अमोनियाची हेबर पद्धत, सल्फ्युरिक ॲसिडची काँटॅक्ट पद्धत या ओळीत नाही. बोर्डासाठी वाचा, नीटच्या वेळातून नको.

मी वर्गात असं करून घेते. एका ग्रुपला एक कोरा कागद. वरून खाली मूलद्रव्यं लिहायची, शेजारी त्रिज्या, आयनायझेशन एन्थाल्पी, इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी, ऑक्सिडेशन स्टेट, हायड्राइडचा उत्कलनबिंदू यांचे बाण काढायचे. मग बाण जिथे मोडतो तिथे रंगीत पेनाने खूण करायची आणि खाली एका ओळीत कारण लिहायचं. ग्रुप १३ मध्ये गॅलियमची त्रिज्या ॲल्युमिनियमपेक्षा कमी, कारण मधे आलेले दहा डी-इलेक्ट्रॉन केंद्रकाचा भार नीट झाकत नाहीत. थॅलियमला +१ आवडतं, शिशाला +२, कारण इनर्ट पेअर, म्हणजे बाहेरच्या एस-इलेक्ट्रॉनांची जोडी बंधात भाग घ्यायला तयार नसते. ग्रुप १५ मध्ये हायड्राइडच्या उत्कलनबिंदूंचा उतरता क्रम बिस्मथ, अँटिमनी, नायट्रोजन, आर्सेनिक, फॉस्फरस असा लागतो, कारण अमोनियात हायड्रोजन बंध आहे, तरी अँटिमनीचा जड रेणू त्यालाही मागे टाकतो. ग्रुप १७ मध्ये इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी सर्वांत ऋण क्लोरीनची, फ्लोरिनची नाही. बाण सरळ जातो तिथे परीक्षकाला विचारण्यासारखं फारसं नसतं, मोडतो तिथे असतं. सहा ग्रुपांचे सहा कागद भिंतीला लावा.

प्रयोगशाळा आता पेपरात आहे

नव्या यादीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. फिजिक्सचा शेवटचा घटक प्रायोगिक कौशल्यांचा आहे आणि केमिस्ट्रीचा शेवटचा प्रॅक्टिकल केमिस्ट्रीचा. मुलं याला घाबरतात, कारण पुस्तकात धडा नाही. खरं तर धडा आहे, तो तुमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आहे. अडचण एवढीच, की जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाचं बघून उतरवलेलं असतं. क्लासच्या वेळेपायी प्रॅक्टिकल बुडवणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना मी कळकळीने सांगते : पोराला लॅबमध्ये जाऊ द्या. आता त्याचे मार्क आहेत.

केमिस्ट्रीत काय बघायचं ते यादीने नेमकं दिलं आहे. सॉल्ट ॲनालिसिससाठी ठरावीक कॅटायन आणि ॲनायन, मोहर सॉल्ट आणि पोटॅश ॲलम तयार करणं, ॲसिटॅनिलाइड, पॅरा-नायट्रोॲसिटॅनिलाइड, ॲनिलिन यलो, आयोडोफॉर्म, आणि परमँगनेटची दोन टायट्रेशन, एक ऑक्झॅलिक ॲसिडबरोबर, दुसरं मोहर सॉल्टबरोबर.

या टायट्रेशनकडे जरा जवळून बघू, कारण एका फ्लास्कमधून किती प्रश्न निघतात ते कळेल. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड आहे, त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घातलं. हायड्रोक्लोरिक का नाही? परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइझ करेल आणि रीडिंग जास्त येईल. नायट्रिक का नाही? ते स्वतःच ऑक्सिडायझिंग, त्यामुळे रीडिंग कमी येईल. फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम केला. का? थंडीत प्रक्रिया फार हळू चालते. मोहर सॉल्टला मात्र गरम करायचं नाही, फेरस आयन हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक होतो. ब्युरेटमधून परमँगनेटचे पहिले थेंब पडले तर गुलाबी रंग जायला वेळ लागतो, नंतर झटकन जातो, कारण तयार होणारा मँगनस आयन स्वतःच कॅटॅलिस्ट आहे. वेगळा इंडिकेटर लागत नाही. परमँगनेट आधी धरून गुणोत्तर ऑक्झॅलिकला २ : ५, मोहर सॉल्टला १ : ५. हे सगळं पाठ करायला गेलं तर तासभर जातो आणि आठवड्यात विसरतं. एकदा स्वतःच्या हाताने गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्युरेट सोडली की विसरत नाही.

सॉल्ट ॲनालिसिसचंही तसंच. शिशाला पोटॅशियम आयोडाइड घातलं की पिवळाधमक साका, गरम केलं की विरघळतो आणि थंड होताना सोनेरी चकाकी घेऊन परत येतो. निकेलला डीएमजी (डायमिथाइलग्लायॉक्झिम) घातलं की गुलाबी-लाल. फेरिकला थायोसायनेट घातलं की रक्तासारखा लाल. कॉपरला पोटॅशियम फेरोसायनाइड घातलं की चॉकलेटी. ज्योतीत कॅल्शियम विटकरी, बेरियम सफरचंदी हिरवा. रंगाच्या शेजारी तयार होणाऱ्या संयुगाचं सूत्र लिहायची सवय लावा. प्रश्न बऱ्याचदा रंगावरून सूत्रावर उडी मारतो.

फिजिक्सवाल्या सरांचं काम मी करणार नाही, पण एक सांगते. व्हर्निअर आणि स्क्रू गेज यांचे प्रश्न हे मिळायलाच हवेत असे मार्क आहेत, आणि मुलं ते शून्य त्रुटीच्या चिन्हात घालवतात. पिच अर्धा मिलिमीटर आणि चकतीवर ५० भाग, म्हणजे लीस्ट काउंट ०.०१ मिलिमीटर. मुख्य पट्टी २.५, चकतीचा २७ वा भाग, म्हणून वाचन २.७७. शून्य त्रुटी +०.०३ असेल तर ती वजा करून २.७४. त्रुटी ऋण असेल तर बेरीज. मीटर ब्रिज, रेझोनन्स ट्यूब, झेनर डायोड, प्रिझम यांच्या जर्नलमधल्या आकृत्या आणि आलेख काढून बघा. आलेखाचा चढ म्हणजे कुठली राशी, हे प्रत्येकाखाली लिहा.

पाच फुलं

बायोलॉजीच्या यादीत माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी आणि ग्रॅमिनी ही पाच कुळं आली आहेत. नव्या एनसीईआरटीत फक्त सोलॅनेसी आहे. म्हणजे पुन्हा लाल गोल. आमच्याकडे औसा, निलंगा, अहमदपूर भागातून आलेली मुलं खोल्या करून राहतात, त्यांना मी म्हणते की गावी गेलात की हा अभ्यास बांधावर करा. जास्वंदीचं फूल उभं चिरा, सगळ्या पुंकेसरांची एकच नळी होऊन ती परागवाहिनीभोवती उभी दिसेल, हे मोनाडेल्फस. तुरीचं फूल उघडा, दहापैकी नऊ जोडलेले आणि एक सुटा, हे डायाडेल्फस. मोहरी किंवा मुळ्याच्या फुलात सहा पुंकेसर, चार लांब आणि दोन आखूड. सूर्यफुलात एक फूल म्हणजे शेकडो फुलांचा गुच्छ, आणि आतल्या छोट्या फुलात परागकोष एकमेकांना चिकटलेले. ज्वारीचं फळ कॅरिऑप्सिस, म्हणजे साल बीला चिकटलेलं. फ्लोरल फॉर्म्युला घोकण्याआधी हे एकदा बघा, मग सूत्रातला प्रत्येक कंस कशासाठी आहे ते कळतं.

पेपरचा साचाही बदलला

आशय एकीकडे बदलला, साचा दुसरीकडे. २०२० पर्यंत १८० प्रश्न आणि तीन तास होते. कोविडच्या काळात, २०२१ पासून, २०० प्रश्न आले आणि त्यातले १८० सोडवायचे झाले, प्रत्येक विषयाच्या ब विभागात १५ पैकी १०. २०२२ पासून वेळ २०० मिनिटं झाला. २०२५ ला ही सवलत गेली : १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, १८० मिनिटं. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १.

याचा अभ्यासावर होणारा परिणाम मुलांना सांगूनही पटत नाही. ब विभाग होता तेव्हा एखादा धडा न करताही निभावून जायचं, कारण त्यावरचा प्रश्न सोडता यायचा. आता सोडलेला धडा थेट मार्कांतून वजा होतो. म्हणून "ऑप्शनला टाकणं" बंद करा. नावडता धडा असेल, माझ्याकडे बहुतेकांचा कोऑर्डिनेशन कंपाउंड्स असतो, तर त्यातले सोपे प्रश्न सुटतील इतका तरी करा.

मिनिटाला एक प्रश्न, आणि त्यातच ओएमआरचे, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे, गोल काळे करायचे. माझा आग्रह असा : बायोलॉजी पंचेचाळीस ते पन्नास मिनिटांत, केमिस्ट्री पन्नासच्या आत, उरलेला वेळ फिजिक्सला. गोल शेवटी एकदम भरायचे नाहीत. पुस्तिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल. पूर्ण अंदाजाने खूण करायची की नाही हा वाद घालत बसू नका. दोन पर्याय नक्की चूक आहेत असं कारणासकट सांगता आलं तर खूण करा, नाही तर पुढे चला.

जुने पेपर कसे वापरायचे

जुन्या पेपरांशिवाय अभ्यास होत नाही, पण ते सरसकट सोडवू नका. आधी यादी घेऊन बसा आणि गेलेल्या धड्यांवरच्या प्रश्नांवर पेन्सिलने काट मारा. सॉलिड स्टेटमधल्या बीसीसी रचनेत किती टक्के जागा भरलेली असते, असा प्रश्न दिसला की काट. उरलेले प्रश्न धड्याधड्याने सोडवा, वेळ न लावता. वेळ लावून सोडवायला २०२५ चा पेपर राखून ठेवा. काट मारलेल्या पेपरावर वेळ लावाल तर उत्तरं लवकर होतील आणि वेग वाढल्याचा भास होईल. पूर्ण सराव पेपर हवे असतील तर २०२१ ते २०२४ च्या पेपरांतले चालणारे प्रश्न एकत्र करून मित्रांनी एकमेकांसाठी १८० चे संच बांधावेत. संच बांधताना जो अभ्यास होतो तो वेगळाच.

मागच्या वर्षांच्या मार्कांवरून स्वतःला जोखू नका. २०२४ च्या अंतिम सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला फिजिक्सने घाम काढला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाचे ६८६ होते. "गेल्या वेळी साडेसहाशेला काय मिळालं" हे विचारून मुलं खचतात, पालक त्याहून जास्त. आपल्या टेस्टमध्ये आपलं स्थान कितवं आहे तेवढं बघा.

अफवा आणि शेवटचे दोन महिने

फॉर्म निघायच्या सुमारास "अमुक धडा परत आला", "पेपर ऑनलाइन झाला" असे मेसेज फिरू लागतात. माझा नियम साधा आहे : आयोगाचं किंवा परीक्षा घेणाऱ्या एनटीएचं तारखेसह परिपत्रक समोर असल्याशिवाय समासातली एकही खूण बदलायची नाही. फॉर्मबरोबर येणारी माहितीपुस्तिका मात्र पूर्ण वाचा, पालकांनीही वाचा. प्रश्नांची संख्या, वेळ, समान मार्क असले तर क्रम कसा लावणार, हे सगळं तिथे असतं. पेपरची भाषाही फॉर्म भरतानाच निवडावी लागते. मराठी निवडली तर पुस्तिकेत इंग्रजीही असतं, पण दोन्हींत फरक पडला तर इंग्रजी प्रमाण धरतात. अकरावी-बारावी इंग्रजी संज्ञांतून शिकलेल्या मुलांनी इंग्रजीच ठेवावी असं माझं मत आहे.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल आणि बोर्ड सुरू झालं की नीटचं नवं काही उघडू नका. बोर्डाची लेखी परीक्षा संपली की त्याच आठवड्यात पुन्हा ती छापील यादी काढा आणि फक्त लाल गोल बघा. पी-ब्लॉकचे सहा कागद, सॉल्टचे रंग, पाच कुळं, प्रयोगांचे आलेख. हे आधी एकदा पक्के करा, मग एनसीईआरटीची उजळणी. एप्रिलपासून पूर्ण पेपर सोडवाल तो दुपारी दोन ते पाच याच वेळेत, कारण परीक्षा त्याच वेळी असते आणि आपल्याकडच्या उन्हात जेवणानंतर डोळे मिटतात. त्या तीन तासांत पंख्याखाली सरळ खुर्चीवर बसा, हातात काळं बॉलपेन, समोर ओएमआरची झेरॉक्स. पेपर झाला की लगेच मार्क मोजू नका. आधी प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर यादीतला घटक क्रमांक लिहा, आणि ज्या घटकाचा क्रमांक पुन्हा पुन्हा येतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा.